मोहीम ९६ टक्क्यांवरून ६२ वर आली तो दिवस

ज्यांच्या कादंबरीसाठी मी आगाऊ बुकिंगची मोहीम चालवत होते त्या ताईंचा सकाळी पावणेआठला फोन आला आणि फोनवर त्या काहीच बोलेनात. मी दोनदा हॅलो म्हटलं. मग हळूच म्हणाल्या, "अगं आकडा खाली गेलाय का बघ जरा, की मलाच चुकीचं दिसतंय?"

लॅपटॉप उघडला तर खरंच गेला होता. रात्री झोपताना ५०० पैकी ४८२ प्रती बुक झालेल्या, आता ३१२. एकाच माणसाने १७० प्रतींचं प्लेज, म्हणजे पैसे द्यायचं वचन, केलं होतं ते रात्रीतून कॅन्सल केलं. कारण काही लिहिलेलं नव्हतं, आणि नियमाने लिहायची गरजही नसते.

माझं काम असं की लेखकांना त्यांच्या कादंबरीसाठी वाचकांकडून आधीच पैसे उभे करायला मदत करायची, म्हणजे मोहिमेचं पान लिहून द्यायचं, टार्गेट ठरवायचं, छपाईचा हिशोब करायचा, रोजचा आकडा बघायचा. आम्ही वापरतो त्या प्लॅटफॉर्मचा नियम किकस्टार्टर या लोकांकडून पैसे उभे करायच्या वेबसाईटसारखाच आहे, सगळं नाहीतर काहीच नाही. ठरलेल्या मुदतीत टार्गेट पूर्ण झालं तरच लोकांच्या कार्डवरून पैसे कापले जातात, एक रुपया कमी पडला तरी कुणाचेच कापले जात नाहीत. आणि मुदत संपेपर्यंत कुणीही आपलं प्लेज मागे घेऊ शकतो. फक्त शेवटच्या २४ तासांत, तुमच्या मागे घेण्याने मोहीम टार्गेटच्या खाली जाणार असेल तर परस्पर कॅन्सल करता येत नाही. आमची मोहीम दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला संपणार होती. म्हणजे २८ तास उरलेले. तो माणूस चार तास उशिरा जागा झाला असता तरी आम्हाला त्याचा उपयोग नव्हता, कारण आम्ही टार्गेटच्या वर गेलोच नव्हतो, पण त्या सकाळी मी उगाच तेवढ्या चार तासांचाच हिशोब करत बसले होते.

ताईंबद्दल सांगते. त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, हाताने कॉर्ड लावून लाईन जोडायचे ते दिवस. निवृत्त झाल्यावर सात वर्षं बसून त्यांनी नाईट शिफ्टवरच्या ऑपरेटर बायकांवर कादंबरी लिहिली. पहिल्या भेटीत त्यांनी मला विचारलं होतं, असं आधी पैसे गोळा करून पुस्तक काढणं कमीपणाचं नाही ना? मी त्यांना इंग्रज कवी अलेक्झांडर पोपचं सांगितलं, त्याने होमरच्या इलियडचा अनुवाद १७१५ ते १७२० मध्ये सहा खंडांत काढला तो आगाऊ वर्गणीदारांच्या जोरावर. आणि इंग्रज लेखिका फॅनी बर्नीचं. तिची 'कॅमिला' ही कादंबरी १७९६ मध्ये वर्गणीवर निघाली, वर्गणीदारांची नावं पुस्तकात छापली, आणि त्या यादीत एक नाव आहे मिस जे. ऑस्टेन. तेव्हा जेन ऑस्टेन विशीत होती, तिचं एकही पुस्तक आलेलं नव्हतं. ताईंना हे इतकं आवडलं की त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं, आपल्या पुस्तकातही मागे यादी छापायची, सगळ्यांची.

आमच्याकडे येणारे बहुतेक लेखक मात्र ब्रँडन सँडरसन या अमेरिकन फँटसी लेखकाचं नाव घेऊन येतात. २०२२ मध्ये त्याने किकस्टार्टरवर चार कादंबऱ्यांसाठी ४ कोटी डॉलरच्या वर उभे केले, १ लाख ८५ हजारांवर लोकांनी पैसे दिले. खरं आहे ते. पण त्याच्यामागे सोळा-सतरा वर्षांची छापलेली पुस्तकं होती आणि दर पुस्तकाला वाट बघणारे वाचक होते, मोहिमेने ते तयार केले नाहीत, मोहिमेने फक्त त्यांना एका दिवशी एका पानावर आणलं. पहिल्या कादंबरीच्या लेखकाकडे असं काहीच नसतं. त्याला वाचक एकेक करून शोधावा लागतो, आणि हे मला माहीत असून मी ताईंच्या मोहिमेत चुकीच्या ठिकाणी शोधत होते.

काय केलं होतं मी? पुस्तकप्रेमींच्या मोठमोठ्या ग्रुपवर पोस्ट टाकल्या, मुखपृष्ठ दाखवलं, एका लेखिकेचं स्वप्न पूर्ण करायला हातभार लावा असं लिहिलं. लाईक भरपूर, शुभेच्छा तर विचारू नका. ३१२ प्रतींमधल्या निम्म्या ताईंच्या नातेवाइकांच्या आणि शेजाऱ्यांच्या होत्या, त्याही पहिल्या आठवड्यातल्या. मग मधले तीन आठवडे रोज दोन, तीन, एखाद्या दिवशी शून्य. मोहिमांमध्ये मधला काळ असा सुस्त जातोच म्हणून मी स्वतःची समजूत घालत राहिले, आणि मग ते १७० प्रतींचं प्लेज आल्यावर तर मी निर्धास्तच झाले. ते करायला नको होतं. एक माणूस १७० पुस्तकं घेतो तेव्हा आकडा १७० ने वाढतो, वाचक एकानेच वाढतो, आणि तो एक गेला की सगळंच जातं.

साडेनऊला मी ताईंच्या घरी पोचले. मला वाटलं होतं रडत असतील. त्या टेबलाशी बसून एका जुन्या डायरीतून नंबर उतरवून घेत होत्या. वहीच्या पानावर रेघ मारून दोन रकाने केलेले, 'लागला' आणि 'नाही लागला'. एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉलची चिठ्ठी ठेवायचे तसं. म्हणाल्या, "माझ्याबरोबरच्या सगळ्या बायकांना मी कळवलंच नाहीये गं. म्हटलं त्यांच्याकडून पैसे कसे मागायचे."

मी चाटच पडले. कादंबरी ज्यांच्यावर आहे त्यांनाच माहीत नाही! आणि हे मी पाच आठवड्यांत एकदाही विचारलं नव्हतं.

पहिला फोन मी बाजूला बसून ऐकला. मी त्यांना पटकन चार वाक्यं लिहून दिली होती, लिंक, मुदत, किती प्रती कमी आहेत वगैरे. त्यांनी कागद बाजूला ठेवला. दोन मिनिटं तब्येत-पाणी झालं आणि मग म्हणाल्या, एक पान वाचून दाखवते, ऐक. रात्री तीन वाजता एक म्हातारा रोज फोन करून फक्त किती वाजले विचारतो आणि ऑपरेटर रोज त्याला वेळ सांगते, एक दिवस त्याच्या लाईनचा दिवा लागतच नाही, ते पान. फोन स्पीकरवर होता. वाचून झाल्यावर पलीकडे शांतता. मला वाटलं लाईन कट झाली. मग पलीकडून आवाज आला, "पण तू त्यात लिहिलंयस की सुपरवायझर मागून आली आणि हिने मान वळवली. आपण मान कशी वळवायचो? हेडसेटची वायर किती आखूड होती, आठव. अख्खं अंग वळवायला लागायचं."

ताईंनी पेन्सिल उचलली आणि पानावर खूण केली. मग पलीकडच्या बाई म्हणाल्या, मला तीन पाठव, एक माझी, एक माझ्या सुनेला, एक त्या आपल्या बोर्डाच्या चौथ्या पोझिशनवर बसायची तिला, ती माझ्याच शहरात असते.

हा एक फोन बावीस मिनिटं चालला. मी घड्याळ बघत होते, १८८ प्रती हव्यात, एका फोनला वीस मिनिटं, हे शक्यच नाही. पण दुपारपर्यंत मला दिसलं की ज्यांना ताई फोन करत होत्या त्या पुढे फोन करत होत्या, कुणीतरी ते पान आपल्या आवाजात रेकॉर्ड करून जुन्या ऑपरेटरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं, आणि आता अनोळखी नंबरवरून ताईंनाच फोन यायला लागले, कुणी विचारत होतं यात संपाचे दिवस आहेत का, कुणी सांगत होतं माझी आई ऑपरेटर होती, ती आता नाही, तिच्या नावाने यादीत नाव घालता येईल का. ताई प्रत्येकाला हो म्हणत होत्या आणि लिहून घेत होत्या. संध्याकाळी सातला ३७०. रात्री अकराला ४१६.

आणि मग माझी खरी परीक्षा सुरू झाली. या बायका पासष्ट-सत्तरच्या. त्यांना पुस्तक हवंय, पैसे द्यायला तयार आहेत, पण आधी अकाउंट बनवा, ईमेल व्हेरिफाय करा, कार्ड नंबर टाका, ओटीपी टाका. एकीचा ओटीपी मुलाच्या मोबाईलवर जायचा आणि मुलगा झोपलेला. दुसरीचा ईमेल कुणीतरी दहा वर्षांपूर्वी बनवून दिलेला, पासवर्ड कुणालाच माहीत नाही. मी रात्री दोनपर्यंत फोनवर एकेकीला, वरच्या कोपऱ्यात बघा, तीन आडव्या रेघा दिसतायत का, त्यावर बोट ठेवा, असं सांगत होते. ताई मला मधूनच पाणी आणून द्यायच्या आणि परत आपल्या वहीशी जाऊन बसायच्या.

सकाळी अकराला ४५८. साडेअकराला ४६६. पावणेबारानंतर मी दोन फोनवर एकदम बोलत होते. बाराला पानावरची आकड्याची पट्टी गोठली. ४७१. ९४.२ टक्के.

त्या क्षणी माझ्या यादीत ४३ जणी अशा होत्या ज्यांनी प्रती सांगितल्या होत्या आणि ज्यांचं पेमेंट कुठल्या ना कुठल्या पायरीवर अडकलं होतं. म्हणजे पुस्तकाला वाचक होते, जास्तच होते. मला खूप वाईट वाटलं आणि त्याहून जास्त राग आला, स्वतःचाच, की पानाची भाषा, फोटोचा रंग, व्हिडिओतलं संगीत यावर मी पाच आठवडे घालवले आणि एका म्हाताऱ्या बाईला या पानावर पैसे भरता येतात का हे एकदाही करून बघितलं नाही. आणि टार्गेटही माझंच. जाड पुठ्ठ्याची बांधणी आणि ऑफसेटवर ५०० प्रती, कारण प्रती जास्त तितकी एका प्रतीची किंमत कमी. साधी बांधणी आणि डिजिटल छपाई धरली असती तर अडीचशे प्रतींवरही पुस्तक निघालं असतं, म्हणजे सकाळी आकडा कोसळला तेव्हाही आम्ही टार्गेटच्या वरच असतो.

मी ताईंना हे सगळं तसंच सांगितलं आणि माफी मागितली. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "कुणाचे पैसे अडकले नाहीत ना?" मी म्हटलं नाही, कुणाचेच कापले गेले नाहीत. "मग परत लावू की लाईन."

सात आठवड्यांनी परत लावली. टार्गेट २५० प्रती, साधी बांधणी, आणि ज्यांना ऑनलाईन जमत नाही त्यांच्यासाठी पैसे भरायला घरातल्या कुणाला तरी मदतीला घेऊन ठराविक वेळी आम्हीच फोन करायचा, हे आधीपासून ठरवलेलं. पहिल्याच दिवशी संध्याकाळपर्यंत टार्गेट झालं. शेवटी ५३८ प्रती गेल्या, आणि त्यात एकाही माणसाच्या पाचपेक्षा जास्त नव्हत्या, ते मी दोनदा तपासलं.

मधल्या सात आठवड्यांत ताईंनी हस्तलिखितात अठ्ठावीस दुरुस्त्या केल्या, सगळ्या फोनवरून आलेल्या. हेडसेटच्या वायरची पहिली.

यादीचं प्रूफ आलं तेव्हा मी त्यांच्याकडेच होते. बऱ्याच जणींनी आडनावाऐवजी बोर्डावरची आपली पोझिशन छापायला सांगितली होती, पोझिशन चार, पोझिशन अकरा, अशी. ताई फोनवर एकेकीला तिची ओळ वाचून दाखवत होत्या, बरोबर आहे का विचारत होत्या, आणि हो म्हटलं की वहीतल्या 'लागला'च्या रकान्यात एक रेघ मारत होत्या.