मेक फ्रेंड्स आणि मारलेल्या गप्पा

दहावीच्या पोरांना इंग्रजी शिकवताना सगळा वेळ टेन्समध्ये जात असेल असं पालकांना वाटतं, पण टेन्स पाठ करून होतात हो. वेळ खातं ते मेक. नुसतं मेक कुणालाही येतं, मेक टी, मेक अ बोट, संपलं. घोळ सुरू होतो तो मेकच्या पुढे अनेकवचनी नाम आलं आणि त्याच्या शेपटाला प्रीपोझिशन लागलं की. मेक फ्रेंड्स विथ, मेक फेसेस अ‍ॅट, मेक अरेंजमेंट्स फॉर, मेक डिमांड्स ऑन. गाइडमध्ये यांची यादी असते, खाली अर्थ, आणि पाठ करा म्हणून मोकळे.

गोव्यात, फोंड्याला माझ्याकडे ट्यूशनला येणारी बरीचशी मुलं चौथीपर्यंत मराठी शाळेत होती आणि पाचवीपासून सगळं इंग्रजीतून. घरात कोकणी, जत्रेच्या नाटकाला मराठी, प्रश्नपत्रिकेत इंग्रजी. तीन भाषा डोक्यात असलेलं पोर काहीही मुकाट्याने मान्य करत नाही. नववीतल्या एकीने वहीत लिहिलं होतं, आय मेड फ्रेंड विथ द कंडक्टर. मी एस लावून दिला तर म्हणे, "टीचर, कंडक्टर एकूच न्ही? मागीर एस कित्याक?" म्हणजे कंडक्टर एकच ना, मग एस कशाला?

प्रश्न अगदी बरोबर आहे आणि उत्तर गाइडात नाही. मैत्री झाली की मित्र दोन झाले ना, तो माझा आणि मी त्याची, तो एस त्या दोघांचा आहे. शेक हँड्स विथमध्ये पण तेच, हात दोन लागतात. फोंड्याला कदंब, म्हणजे सरकारी बस, बदलायची तर चेंज बसेस, कारण एक उतरायची आणि दुसरी धरायची. आणि हे काही आजकालचं फॅड नाही, शेक्सपिअरच्या 1598 साली छापलेल्या हेन्रीवरच्या नाटकात राजपुत्र फक्त स्वतःबद्दल बोलतोय आणि आपल्या बापाशी आपण गुड फ्रेंड्स आहोत असं सांगतोय, एकट्या माणसाला अनेकवचन लावून.

पण मला मजा वाटते ती पुढच्या गोष्टीची. रवी मेड फ्रेंड्स विथ जुवांव, या वाक्यातल्या जुवांवला उचलून रवीच्या शेजारी बसवा. रवी अँड जुवांव मेड फ्रेंड्स. विथ गेलं! दोन्ही माणसं पुढे आली, आता विथला काम उरलं नाही. हेच मेक फेसेस अ‍ॅटला करून बघा. रवी मेड फेसेस अ‍ॅट जुवांव, म्हणजे रवी वेडावतोय आणि जुवांव बिचारा बघतोय. रवी अँड जुवांव मेड फेसेस म्हटलं की दोघं मिळून तिसऱ्याच कुणाला तरी वेडावायला लागतात. म्हणजे विथमध्ये समोरचा माणूस कामात सामील असतो आणि अ‍ॅटमध्ये तो नुसता नेम असतो. अनेकवचन दोन्हीकडे आहे, पण माणूस आत आहे की बाहेर हे प्रीपोझिशन सांगतं.

आता हे फळ्यावर लिहून मुलांना पटत नाही. मुलांना पटतं मारणे.

आपलं मारणे हे मेकसारखंच कुठेही घुसणारं क्रियापद आहे. गप्पा मारल्या, थापा मारल्या, हाका मारल्या, चकरा मारल्या, टोमणे मारले, उड्या मारल्या. सगळं अनेकवचन. आणि गप्पा कुणाशी मारतो, थापा कुणाला मारतो? शी आणि ला. रवीने जुवांवशी गप्पा मारल्या, आता जुवांवला पुढे आणा, रवी आणि जुवांवने गप्पा मारल्या, शी गळून पडला की नाही? थापांचं तसं होत नाही, रवी आणि जुवांवने थापा मारल्या म्हटलं की पहिला प्रश्न येतो, कुणाला? म्हणजे विथ आणि अ‍ॅटचा जो नियम मी घसा फोडून सांगत होते तो ह्या पोरांच्या तोंडात बालवाडीच्या आधीपासून आहे. कोकणीत तर गजाली, त्याही अनेकवचनीच. गजाल म्हणजे एखादी गोष्ट, पण सांजवेळी सोप्यावर बसून चालतात त्या गजाली.

अनेकवचन मोजायचं कधी आणि सोडून द्यायचं कधी तेही इथे कळतं. हाक मारली म्हणजे एकदा, हाका मारल्या म्हणजे पुन्हा पुन्हा, तिथे मोजणी खरी आहे. एक गप्पा मात्र कुणी मारत नाही. मेकमध्येही तसेच दोन प्रकार. मेक अ प्लॅन चालतं, मेक प्लॅन्स पण चालतं, फरक थोडा. मेक फ्रेंड्समधला एस काढलात तर मात्र सगळंच बिघडतं. मेक अलाउअन्सेस फॉर एस काढूनही चालतं, पण नुसता अलाउअन्स म्हणजे भत्ता आणि अलाउअन्सेस करणं म्हणजे एखाद्याला सांभाळून घेणं, पाऊस धो धो आहे म्हणून उशिरा आलेल्याला न ओरडणं. जुलैमध्ये हे उदाहरण द्यायला मला फार लांब जावं लागत नाही.

बरं, या सगळ्याच्या जोरावर मुलं मग मेक फन्स ऑफ लिहायला लागतात. नाही. फन, युज, सेन्स, रूम हे मोजायचे शब्दच नाहीत इथे, मेक फन ऑफ, मेक युज ऑफ, मेक सेन्स ऑफ, मेक रूम फॉर, तसेच सुके ठेवायचे. मेक पीस विथ पण त्यातलंच. यावर आमच्या शेजारच्या आजी, पोर्तुगीज काळात शिकलेल्या, खूश असतात कारण त्यांच्या पोर्तुगीजमध्ये समेट करणं म्हणजे फाझेर आश पाझेश, तिथे शांतीसुद्धा अनेकवचनी! वेडावून दाखवणंही फाझेर कारेताश, अनेकवचनच. पण जागा बदलायला इंग्रज चेंज प्लेसेस म्हणतो तिथे पोर्तुगीज त्रोकार द लुगार म्हणतो, एकच जागा. म्हणजे अमुक ठिकाणी अनेकवचन यायलाच हवं असा काही देवाचा नियम नाहीये, ज्याने त्याने आपलं ठरवलंय.

सगळ्यात आवडतं माझं मेक इनरोड्स इन्टू. इलेक्शन आलं की इंग्रजी पेपरात अमुक पक्ष सासष्टी तालुक्यात इनरोड्स करतोय हे छापून येतंच, आणि मुलांना वाटतं रस्ते बांधतायत (इलेक्शनच्या तोंडावर रस्ते होतात, त्यामुळे गैरसमज पक्का होतो). यातला रोड रस्त्याचा नाही, जुन्या इंग्रजीत रोड म्हणजे घोड्यावर बसून जाणं, आणि इनरोड म्हणजे घोडे घेऊन दुसऱ्याच्या मुलुखात घुसणं. आपल्याकडे स्वारी शब्दाचं नेमकं हेच झालंय, आधी घोड्यावर बसणं, मग हल्ला. संभाजी महाराजांची 1683 ची गोव्यावरची स्वारी सगळ्यांना माहीत असते, तिचं नाव घेतलं की इनरोड्स जन्मात विसरत नाहीत. फक्त आपण मुलुखावर स्वारी करतो आणि इंग्रज मुलुखाच्या आत, इन्टू. मुलं हमखास ऑन लिहितात, कारण डोक्यात मराठीतलं 'वर' असतं. आणि ऑन ठेवायचं ते मेक डिमांड्स ऑनसाठी, तिथे खरंच डोक्यावर ओझं येतं, कधी माणसाच्या कधी वेळेच्या.

एक टेस्ट मी नेहमी करायला लावते. वाक्य उलटं करा, पॅसिव्ह. अरेंजमेंट्स हॅव बीन मेड फॉर वॉटर, मस्त, सरकारी पत्रात असंच असतं, कुणी केलं ते न सांगायची सोयच ती. अलाउअन्सेस वेअर मेड, हेही छान. पण फ्रेंड्स वेअर मेड विथ द कंडक्टर? वाचूनच हसू येतं. मैत्रीत कोण ते लपवून चालत नाही. मराठीत मात्र कंडक्टरशी गप्पा मारल्या गेल्या असं खुशाल चालतं, विशेषतः गप्पा मारत बसल्याचं घरी कबूल करायचं नसेल तेव्हा.

राहिलं मेक अमेंड्स. याला एकवचनच नाही, अमेंड असं नाम म्हणून कुणी वापरत नाही. मूळ फ्रेंच अमांद म्हणजे दंड, आणि इंग्रजीत तो आला तो दंडांचा ढीग होऊनच. याला दोन प्रीपोझिशन्स लागतात, माणसाला टू आणि चुकीला फॉर, म्हणजे रवीने जुवांवची सायकल मोडली तर अमेंड्स टू जुवांव फॉर द सायकल. पेपरात गाळलेल्या जागेच्या पुढे माणूस आहे की वस्तू आहे ते आधी बघा आणि मग भरा, अर्ध्या मार्काचा प्रश्न असतो आणि वर्गातली निम्मी पोरं तिथे विथ लिहून येतात.