सड्यावर काय ठेवलंय?

रत्नागिरी जिल्ह्यात आमच्याकडे राहायला आलेली माणसं पहिल्या दिवशी समुद्रावर जातात, दुसऱ्या दिवशी कशेळीच्या कनकादित्याला आणि आडिवऱ्याच्या महाकालीला हात जोडून येतात, आणि दुसऱ्या रात्री जेवणं झाली की पडवीत पाय पसरून हमखास विचारतात, “काका, सगळे बघतात ते सोडून वेगळं काय आहे हो इथे?” पूर्वी मी गणपतीपुळे, मार्लेश्वर असं काहीतरी सांगायचो. मग कळलं की तिथली गर्दी बघूनच ही मंडळी माझ्या दारात आलेली असतात. तेव्हा तुम्ही विचारलंत म्हणून खरं ते सांगतो. आमच्या भागात मुद्दाम जावं अशा जागा त्याच, जिथे गेल्यावर तुम्ही म्हणाल, “इथे तर काहीच नाही!”

हे वाक्य माझं नाही, एका पाहुण्याचं आहे. मे महिन्यात चौघं जण आले होते. सकाळी समुद्र झाला, दुपारी परतायचं होतं, म्हणून भर बारा वाजता मला घेऊन सड्यावर, कातळात कोरलेली चित्रं बघायला निघाले. मी नको म्हणालो होतो, पण पाहुण्यापुढे किती ताणायचं. सूर्य डोक्यावर, कातळ तव्यासारखा, चपलेतून चटके. मी हात करकरून दाखवतोय, “हा बघा हत्तीचा पाय, ही सोंड,” आणि त्यांना दिसतोय नुसता तांबूस-काळा खडक. दोन दिवसांनी त्यांनी माझ्या घराबद्दल लिहिलं: “जेवण उत्तम. दाखवायला नेलेल्या ठिकाणी काहीच नाही, मोकळा खडक.” तारे दोन. जेवणाचा एक आणि आंब्याचा एक असावा.

चूक त्यांची नव्हती. आमचीही लहानपणं त्याच समजुतीत गेली. सडा म्हणजे गावाच्या वर पसरलेलं जांभ्या दगडाचं पठार. गाव खाली, माडा-पोफळींत, पाण्याच्या कडेला, आणि वर मैलोन्‌मैल सपाट कातळ. शेती नाही, सावली नाही. पावसाळ्यात गुरं चरायला न्यायची, बाकी वर्षभर एका गावातून दुसऱ्या गावात जाताना पार करायची जागा. पाखाडी चढून मी वर गेलो आणि यायला उशीर झाला की आई ओरडायची, “सड्यावर काय ठेवलंय तुझं?” कातळावर कोरलेल्या रेघा आम्ही सगळ्यांनी पाहिलेल्या होत्या. कुणी म्हणायचं पांडवांनी एका रात्रीत काढल्या, कुणी म्हणायचं राखणदाराची जागा आहे, नारळ ठेवून पुढे जा. आम्ही त्यावर लंगडी खेळलेलो आहोत. आज लाज वाटते, पण खरं आहे.

मग रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्याबरोबरची मंडळी गावोगाव फिरायला लागली. त्यांची पद्धत मला फार आवडते: पुस्तकं बाजूला ठेवून ते गुराख्यांना विचारत, “सड्यावर चित्रं बघितलीत का कुठे?” गुराख्याला सगळं ठाऊक असतं, त्याला कुणी विचारलेलं नसतं एवढंच. अशा विचारण्यातून रत्नागिरी जिल्ह्यात शेकडो चित्रं उजेडात आली. उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसायमळ, या नऊ ठिकाणांची नावं २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. अभ्यासक या चित्रांना कातळशिल्पं किंवा कातळखोद चित्रं म्हणतात, आणि त्यांतली जुनी पार मध्याश्मयुगापर्यंत मागे नेतात. म्हणजे आम्ही लंगडी खेळत होतो ती जागा शेती सुरू होण्याच्याही आधी कुणाच्या तरी हाताखालची.

कशेळीचा हत्ती म्हणजे एका हत्तीचं चित्र नव्हे. बाहेरची रेषा हत्तीची, साधारण अठरा मीटर लांब आणि तेरा मीटर रुंद, आणि तिच्या पोटात मासे, पक्षी, जनावरं अशी कितीतरी चित्रं. एवढं मोठं चित्र जमिनीवर उभं राहून एका नजरेत मावत नाही. त्यामुळे ते कळायला वेळ लागतो, आणि तोच वेळ मला मौजेचा वाटतो. मी लोकांना चपला काढायला लावतो आणि रेषेच्या कडेकडेने चालवतो. पाठ आली, शेपटी आली, मागचा पाय आला. गेल्या वर्षी आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा मधे उभा राहून विचारत होता, “आजोबा, कुठाय हत्ती?” मी म्हटलं, “अरे, तू त्याच्या पोटात उभा आहेस.” तो एकदम खाली बघून स्तब्ध झाला, आणि मग अंगठ्यावर चालत बाहेर आला, जणू हत्ती जागा होईल.

बघायची वेळ सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी साडेचारनंतर. ऊन तिरपं पडलं की खाचेत सावली भरते आणि रेषा वर येते. तरीही दिसलं नाही तर माझ्याकडे दोनच हत्यारं आहेत: खराटा आणि पाण्याची कळशी. आधी खराट्याने सुकी पानं, माती हलकेच बाजूला करायची. मग पाणी ओतायचं, वरून फेकायचं नाही, खाचेच्या एका टोकाला बारीक धारेने सोडायचं. पाणी आपलं आपण रेषेतून सरकत जातं, वळणाशी क्षणभर थांबतं, पुढे निघतं. कोरणाऱ्याचा हात ज्या वळणाने गेला त्याच वळणाने ते जातं. ओला जांभा काळपट दिसतो आणि त्या ओलीतून मासा तयार होतो, आधी कल्ला, मग शेपूट. दहा मिनिटांत वाळून जातो. ज्यांना फोटो हवा असतो त्यांची धावपळ होते.

एक विनंती, हात जोडून. खडू, रांगोळी, रंग घेऊन वर जाऊ नका. काही मंडळींनी फोटोत उठून दिसावं म्हणून रेषांमध्ये पांढरा रंग भरला होता, तो मी आणि शेजारचा पोर पुढच्या पावसाळ्यापर्यंत बघत बसलो, घासताही येईना. आणि सडे बहुतेक लोकांच्या खासगी मालकीचे आहेत. चिरेखाणीला जमीन दिली तर चार पैसे मिळतात, चित्राला दिली तर माझ्यासारख्याचं “धन्यवाद” मिळतं. त्यामुळे मालक भेटला तर दोन शब्द नीट बोला. वाडीतल्या माणसाला सोबत घ्या आणि त्याला त्याच्या दिवसाचे पैसे द्या.

बारसूचं नाव तुम्ही रिफायनरीच्या आंदोलनामुळे २०२३ साली बातम्यांत ऐकलं असेल. तिथल्या सड्यावर एक माणूस आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन वाघ असं चित्र आहे. माणूस वाघांना आवरतोय की वाघांमध्ये सापडलाय, यावर आमच्या पडवीत दोनदा भांडणं झाली आहेत. देवाचे गोठणे इथे मनुष्याकृती आहे, तिच्यावर होकायंत्र धरलं की काटा भलतीकडे जातो. जांभ्यात लोह असतं हे खरं, पण अख्ख्या सड्यावर असं होत नाही, तिथेच होतं. मोबाइलमधलं होकायंत्रही चालेल, फक्त ते आधी घरी तपासून घ्या, नाहीतर मोबाइलच बिघडलाय म्हणाल.

श्रावण-भाद्रपदात आलात तर हाच सडा वेगळा. कातळावर बोटभर पाणी साचतं आणि त्यात सीतेची आसवं फुलतात, इवलीशी जांभळी-निळी, लांबून धुकं पसरल्यासारखी. त्यांच्यात पांढरे गेंद. सीतेची आसवं नावाने हळवी, पण पाण्यातले बारीक किडे मटकावणारी वनस्पती आहे, हे सांगितलं की मुलं लगेच गुडघ्यावर बसतात. तेव्हा चित्रं मात्र पाण्याखाली असतात. दोन्ही एकदम मिळत नाही.

दुसरी “काहीच नाही” जागा विजयदुर्ग. आता किल्ल्याला काहीच नाही कोण म्हणेल? तिहेरी तटबंदी, तीन बाजूंनी पाणी. पण मी सांगतोय ते तट बघून झाल्यावर. किल्ल्यात काही साधे ओटे आहेत, त्यांना साहेबाचे ओटे म्हणतात. लोक त्यावर बसून वडापाव खातात. तुम्हाला तिथे कुणीतरी सांगेल की १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात लॉकियर नावाच्या खगोलशास्त्रज्ञ साहेबाने या ओट्यांवरून हेलियम वायू शोधला. दरवर्षी त्या तारखेला कार्यक्रमही होतात. मी बरीच वर्षं हेच पाहुण्यांना छाती फुगवून सांगत होतो. एके दिवशी मनात आलं, १८ ऑगस्ट? आमच्या किनाऱ्यावर, ऐन पावसात, सूर्य बघायला कोण मरायला येईल? मग वाचलं. त्या ग्रहणाला फ्रान्सचे खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते. लॉकियर इंग्लंडातच होते. त्यांनी ऑक्टोबरमध्ये तिथूनच, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेच्या उजेडाच्या वर्णपटात एक अनोळखी पिवळी रेषा पाहिली, तीच पुढे हेलियमची ठरली. विजयदुर्गला ते आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला, तोवर रसायनशास्त्रज्ञ रॅमसे यांनी लंडनमध्ये १८९५ सालीच हेलियम पकडून दाखवला होता.

मला वाटतं खरी गोष्ट जास्त रंगतदार आहे. तीस वर्षांपूर्वी दुरून पाहिलेल्या रेषेचा माणूस, आता म्हातारा, दुर्बिणींच्या पेट्या घेऊन बोटीने आपल्या किल्ल्यात उतरतो. ‘मेल्पोमेनी’ या युद्धनौकेवरचे खलाशी उपकरणं लावायला हाताशी. पौष संपत आलेला, आभाळ स्वच्छ. आणि हे सगळं जेमतेम दोन मिनिटांच्या अंधारासाठी. त्या दोन मिनिटांत विजयदुर्गातल्या कोंबड्यांनी, गुरांनी, बायाबापड्यांनी काय केलं असेल, हे मला कुठेच वाचायला मिळालेलं नाही. ओट्यावर बसलं की मी तेच मनात रचत बसतो. मी हे किल्ल्यावरच्या एका गृहस्थांना सांगून बघितलं. ते म्हणाले, “काका, तुम्ही बरोबर असाल, पण मुलांना काय सांगायचं मग?” मी म्हटलं, हेच सांगा. ते नाराज झाले. अजून बोलतात माझ्याशी, पण पूर्वीसारखं नाही.

रत्नागिरीत जाणारच असाल तर थिबा राजवाडा. ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाला इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत केलं आणि इथे आणून ठेवलं. आपल्या बहादूरशहाला रंगूनला नेऊन ठेवलं होतं, त्याची ही परतफेड म्हणायची. हा वाडा १९१० साली बांधून झाला आणि १९१६ साली राजा गेला, म्हणजे पंचवीस वर्षं वाट बघून सहा वर्षं राहिला. आत वस्तुसंग्रहालय आहे, पण मला ओढ वरच्या गच्चीची. तिथून भाट्याची खाडी आणि पलीकडे समुद्र दिसतो. ज्या समुद्राने परत जायचं तोच रोज समोर. राजाची कबर गावात वेगळीकडे आहे, तिथे फारसं कुणी जात नाही.

राजापूरच्या गंगेचं काय सांगू? उन्हाळे गावात चौदा कुंडं. साधारण तीन वर्षांनी अचानक भरतात, काही दिवस वाहतात, पुन्हा कोरडी. हल्ली तिचं वेळापत्रक बिघडलंय, लवकर येते, जास्त राहते. जमिनीखाली वक्रनलिकेसारखी (सायफनसारखी) काही रचना असावी असा तर्क करतात. आली की यष्ट्या भरून माणसं लोटतात. मी म्हणतो, नसताना जा. कोरड्या कुंडांच्या पायऱ्यांवर बसा, काशीकुंडातलं गोमुख बघा, आणि जवळच्या गरम झऱ्यात पाय सोडून या, तो मात्र बाराही महिने असतो.

एकच दिवस हाताशी असेल तर यातलं विजयदुर्ग सोडा, लांब पडतं. सकाळी राजापूर करा, दुपारी माझ्याकडे जेवून झोप काढा, चार वाजता उठवतो. सड्यावर जाताना पाणी दोन बाटल्या जास्त घ्या, एक प्यायला आणि एक माशाला. खराटा माझ्याकडे आहे. आणि रात्री कोळंबी हवी की कुळथाचं पिठलं ते सकाळीच सांगा, संध्याकाळी बाजारात काही उरत नाही.