प्रत्येक पिवळेपणा गिल्बर्टचा नसतो

परवा मावसभावानं एका बाटलीचा फोटो पाठवला. वर मोठ्या अक्षरांत ‘लिव्हर डिटॉक्स’. खाली त्याचा मेसेज: ‘ताई, मलाही तुझ्यासारखंच गिल्बर्ट निघालंय. हे घेतलं तर बिलिरुबिन खाली येईल का?’ त्याला फोनवर जे सांगितलं, ते इथे नीट लिहून ठेवते.

माझं गिल्बर्ट (रक्तात बिलिरुबिन हे पिवळं रंगद्रव्य थोडं जास्त राहण्याची जन्मजात ठेवण) तेविसाव्या वर्षी कळलं, नोकरीआधीच्या तपासणीत. बिलिरुबिन २.३, पण लिव्हरच्या पेशी दुखावल्या की रक्तात वाढणारं एसजीपीटी हे एन्झाइम अगदी नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, “हा आजार नाही, ही तुझ्या शरीराची ठेवण आहे.” ते खरंच आहे. जुन्या तांबड्या पेशी मोडल्या की बिलिरुबिन तयार होतं. ते पाण्यात विरघळेल असं करून पित्तावाटे बाहेर काढायचं, तर लिव्हरमधलं यूजीटी१ए१ नावाचं एन्झाइम लागतं. आमच्यात ते साधारण ३० टक्केच काम करतं, म्हणून इनडायरेक्ट, म्हणजे अजून पाण्यात न विरघळणारं, बिलिरुबिन थोडं साचून राहतं. लिव्हरला त्यानं काही इजा होत नाही. शंभरातल्या तीन ते दहा जणांना हे असतं आणि कित्येकांना ते जन्मभर कळतही नाही.

उपाशी राहिलं, ताप आला, जागरण झालं, पाणी कमी प्यायलं की माझे डोळे पिवळसर दिसतात आणि दोन-चार दिवसांत निवळतात. अकरा वर्षं हेच पाहिल्यामुळे डोळे पिवळे म्हणजे गिल्बर्ट, हे डोक्यात पक्कं बसलं होतं. घात झाला तो याच खात्रीनं.

तीन वर्षांपूर्वी वजन कमी करायचं म्हणून ग्रीन टी अर्काच्या कॅप्सूल सुरू केल्या. त्याच आठवड्यात झोपेसाठी अश्वगंधा आणि गुडघ्यासाठी मिरीचा अर्क घातलेलं कर्क्युमिन, म्हणजे हळदीतला घटक. सगळं ‘नैसर्गिक’, त्यामुळे कुणाला विचारावंसंही वाटलं नाही. सहाव्या आठवड्यात अन्नावरची वासना गेली, दुपारीच अंग टाकून द्यावंसं वाटायला लागलं. मग डोळे पिवळे झाले. जेवण कमी झालंय, म्हणून गिल्बर्ट वर आलं असेल, असं म्हणत मी चार दिवस घालवले आणि त्या चारही दिवशी कॅप्सूल घेत राहिले.

माझी थोरली बहीण भेटायला आली. मला खिडकीशी उजेडात नेऊन तिनं खालची पापणी ओढून पाहिली आणि विचारलं, “लघवीचा रंग कसा आहे गं?” कोऱ्या चहासारखा होता. मी त्याकडे लक्षच दिलं नव्हतं.

हा प्रश्न गिल्बर्ट असलेल्या प्रत्येकानं पाठ करून ठेवावा. इनडायरेक्ट बिलिरुबिन लघवीत उतरत नाही. त्यामुळे नुसत्या गिल्बर्टनं लघवी कोऱ्या चहासारखी होत नाही, शौचाचा रंग फिका पडत नाही आणि अंगाला खाजही सुटत नाही. यातलं काहीही दिसलं तर सगळ्या गोळ्या बंद करून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. माझं एकूण बिलिरुबिन ६.८ आलं, त्यातलं ४.१ डायरेक्ट, म्हणजे लिव्हरनं विरघळेल असं करूनही बाहेर न गेलेलं. एसजीपीटी ७८०, नॉर्मलच्या कित्येक पट.

कावीळ करणाऱ्या विषाणूंच्या तपासण्या निगेटिव्ह आल्या, सोनोग्राफी ठीक आली. सप्लिमेंट थांबवल्यावर साडेनऊ आठवड्यांनी एसजीपीटी जागेवर आलं. पण तिन्हींपैकी कशानं झालं हे शेवटपर्यंत सांगता आलं नाही. लिव्हरला इजा झाल्याची उदाहरणं तिन्हींच्या बाबतीत नोंदलेली आहेत, आणि मी तिन्ही एकदमच सुरू केली होती. याची चुटपुट अजून आहे.

त्या कॅप्सूलच्या बाटलीवर ‘प्रोप्रायटरी ब्लेंड ९०० मिलिग्रॅम’ एवढंच होतं, म्हणजे सगळ्या मिश्रणाचं मिळून एकच वजन. ग्रीन टीमधल्या ईजीसीजी या घटकाबद्दल युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेनं २०१८ मध्ये सांगितलं होतं, की सप्लिमेंटमधून तो दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त गेला तर लिव्हरची एन्झाइम वाढलेली दिसतात. माझ्या पोटात रोज किती जात होता, हे त्या लेबलवरून मोजायची सोयच नव्हती. आता प्रत्येक घटकाचं प्रमाण वेगळं छापलेलं नसेल तर मी ती बाटली घेत नाही.

आता काहीही सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारते आणि एसजीपीटी व डायरेक्ट-इनडायरेक्ट वेगळं दाखवणारं बिलिरुबिन करून घेते. एकावेळी एकच गोष्ट, आणि चार-सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी. तपासणीआधी आठवडाभर जड व्यायाम टाळते, कारण स्नायूंवर ताण आला तरी एसजीपीटी आणि त्याच्या जोडीनं तपासलं जाणारं एसजीओटी वाढतं आणि उगाच घबराट होते. उपाशीपोटी बिलिरुबिन चढतं, म्हणून दरवेळी तपासणी जेवणाच्या सारख्याच अंतरानं करते, नाहीतर दोन रिपोर्टांची तुलनाच करता येत नाही. नायसिनच्या (व्हिटॅमिन बी३) मोठ्या डोसपासून लांब राहते. त्यानं गिल्बर्टमध्ये बिलिरुबिन इतकं हमखास वाढतं, की पूर्वी निदानासाठी नायसिन देऊन पाहत असत. कमतरता रिपोर्टमध्ये दिसली म्हणून डॉक्टरांनी दिलेलं व्हिटॅमिन डी किंवा बी१२ मात्र मी निर्धास्त घेते.

भावाच्या बाटलीत मुख्य घटक सिलिमरिन, म्हणजे मिल्क थिसल या वनस्पतीचा अर्क, होता. लिव्हरसाठी चांगलं म्हणून ते विकलं जातं, पण प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत तेच यूजीटी१ए१ला अडवताना दिसलंय, म्हणजे आमचं जे एन्झाइम आधीच मंद आहे नेमकं तेच. शिवाय त्याचं बिलिरुबिन १.९ आहे. ते खाली आणायची गरजच नाही.

त्यानं बाटलीचं सील अजून फोडलेलं नव्हतं. ती परत करतो म्हणाला.