ओर्विएतोची विहीर आणि साताऱ्याचे काका

रोमहून फ्लॉरेन्सला जाताना ओर्विएतो हे आम्हा टूर मॅनेजरांसाठी पाय मोकळे करायचं गाव. उभ्या कड्याच्या माथ्यावर वसलेलं. बस खाली स्टेशनपाशी लावायची, फ्युनिक्युलरने, म्हणजे दोराने ओढल्या जाणाऱ्या चढावरच्या रेल्वेने, वर जायचं, कॅथेड्रलसमोर फोटो, जिलातो आणि परत.

युरोपात टूर मॅनेजर जगतो तो ड्रायव्हरच्या टॅकोग्राफवर, म्हणजे गाडी चालवल्याचे तास नोंदवणाऱ्या यंत्रावर. साडेचार तास गाडी चालवली की 45 मिनिटं सक्तीचा थांबा, शिवाय रात्रीची 11 तासांची विश्रांती. ड्रायव्हर वाद घालत नाही, स्क्रीनवर नुसतं बोट ठेवतो. हे ऑफिसात बसून कार्यक्रम आखणाऱ्यांच्या गावीही नसतं.

ग्रुपमध्ये पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले साताऱ्याचे एक काका होते. रोमभर गप्प, कलोसियममध्येही. ओर्विएतोला वर पोचल्यावर त्यांनी 'पोत्सो दि सान पात्रिझिओ'ची पाटी पाहिली. "विहीर आहे का हो?"

आहे म्हटलं. 1527 साली रोम लुटलं गेलं, पोप क्लेमेंट सातवा पळून इथे आला. उद्या वेढा पडला तर पाण्याचं काय, म्हणून त्याने ती खोदायला घेतली. 1537 मध्ये पुरी झाली. खोली सुमारे 53 मीटर, पायऱ्या 248. काकूंनी गुडघ्यांचा विषय काढला, काकांनी तिकीट काढलं. ग्रुप लोकल गाइडच्या हवाली करून मी त्यांच्या मागोमाग उतरलो.

आत दोन गोल जिने एकमेकांभोवती फिरत जातात, ते तळाशी पुलावरच जोडलेले. रिकामं खेचर एका जिन्याने खाली, पाणी लादलेलं दुसऱ्याने वर. वाटेत समोरासमोर येण्याचा प्रश्नच नाही. पायऱ्याही खेचरांच्या बेताने बुटक्या आणि रुंद. काका प्रत्येक खिडकीशी थांबत होते. वरचा भाग टफ या मऊ ज्वालामुखी दगडातच खोदलेला; जिथून विटा सुरू होतात तिथे ते भिंतीवर हात ठेवून उभेच राहिले. "इथे थर बदलला बघा. माती लागली, म्हणून बांधून घ्यावं लागलं." मग म्हणाले, "आमच्या लिंबची बारामोटेची विहीर पाहिलीय? तिथे बैल वरच राहतात, मोट खाली जाते. यांनी जनावरच खाली नेलं."

चढताना गुडघे बोलले. बसला पाऊण तास उशीर झाला, ड्रायव्हरने स्क्रीनवर बोट ठेवलं, आणि फ्लॉरेन्सला पिआत्साले मिकेलांजेलो या टेकडीवरच्या चौकातला सूर्यास्त गेला. हायवेवरच्या दुकानात चॉकलेटं निवडायला रोज अर्धा तास घेणाऱ्यांनी मला वेळेची किंमत समजावून सांगितली. पण त्यांनी सूर्यास्ताचे पैसे भरले होते, हेही खरंच. त्यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही.

ऑफिसला आता ओर्विएतोच्या जागी आउटलेट मॉल हवाय. फीडबॅक फॉर्मवर बहुतेकांनी लिहिलं होतं, 'ओर्विएतोत फार वेळ गेला.' काकांच्या फॉर्मवर होतं, 'विहिरीला दिलेला वेळ अपुरा. झरा कुठल्या बाजूने येतो ते पाहता आलं नाही.'