कार्डिफमधील शेवटची दहा मिनिटे

१९ मार्च २०२२ रोजी कार्डिफच्या प्रिन्सिपॅलिटी स्टेडियमवर रग्बीच्या सिक्स नेशन्स स्पर्धेतील वेल्स विरुद्ध इटली हा सामना होता आणि प्रेक्षकांसाठी नेमलेल्या डॉक्टरांमध्ये मी होतो. खेळाडूंचे वैद्यकीय पथक वेगळे असते. आमच्याकडे फक्त प्रेक्षक, त्यामुळे मैदानाकडे पाठ करून गर्दीवर नजर ठेवावी लागते आणि सामना बराचसा कानांनीच कळतो.

निकालाविषयी फारशी कोणाला शंका नव्हती. इटली २००० साली या स्पर्धेत आली, पण २०१५ मध्ये स्कॉटलंडला हरवल्यानंतर तिने येथे ओळीने ३६ सामने गमावले होते आणि तिच्याऐवजी जॉर्जियाला संधी द्यावी, असे उघडपणे बोलले जात होते. मला ते बोलणे कधीच पटले नव्हते. शिवाय ॲलिन विन जोन्स वेल्सकडून १५०वा आणि डॅन बिगर १००वा सामना खेळत होता, म्हणून गर्दी उत्सवासाठीच आली होती.

प्रत्यक्षात सामना अटीतटीचा झाला, आणि आमच्या कामात याला अर्थ असतो. २००६च्या फुटबॉल विश्वचषकात जर्मनीचा सामना असेल त्या दिवशी म्युनिक परिसरात हृदयविकाराच्या तातडीच्या घटना अडीच पटींहून अधिक झाल्याचे आढळले होते. एकतर्फी सामन्यात आम्ही मुरगळलेले घोटे पाहतो; चुरशीच्या सामन्यात छातीत दुखल्याचा निरोप येईल, अशी तयारी ठेवतो.

उत्तरार्धात तसा निरोप आलाच. वरच्या मजल्यावरील उभ्या चढाच्या पायऱ्यांजवळ वेल्सचे एक वयस्कर गृहस्थ घामाने डबडबले होते आणि सोबतची नात त्यांचा हात घट्ट धरून बसली होती. ॲस्पिरिनची ३०० मिलिग्रॅमची गोळी चघळायला देऊन त्यांना पायऱ्या उतरण्याच्या खास खुर्चीतून वैद्यकीय कक्षात आणले. ईसीजी सुरू असतानाच वेल्सच्या जॉश ॲडम्सने ट्राय केला, म्हणजे चेंडू इटलीच्या गोलरेषेपलीकडे टेकवून पाच गुण मिळवले. वरून आलेला जल्लोष ऐकताच गृहस्थांनी नकळत हात उंचावला आणि आलेख विस्कटला, म्हणून तो पुन्हा काढला. हृदयाचा खालचा भाग दाखवणाऱ्या दोन, तीन आणि एव्हीएफ या लीडमध्ये (ईसीजीच्या नोंदींमध्ये) आलेखाचा एसटी नावाचा भाग स्पष्ट वर उचललेला होता, म्हणजे हृदयाच्या खालच्या भागाचा झटका होता. रक्तदाब कमी असल्याने नायट्रोग्लिसरीन हे रक्तवाहिन्या रुंदावणारे औषध दिले नाही, कारण अशा झटक्यात उजव्या जवनिकेलाही (हृदयाच्या उजव्या बाजूच्या खालच्या कप्प्यालाही) इजा झाली असेल तर ते औषध रक्तदाब एकदम खाली आणू शकते. अँजिओप्लास्टीसाठी युनिव्हर्सिटी हॉस्पिटलला कळवले.

त्यांना स्ट्रेचरवर घेत होतो तेवढ्यात वरचा गलका अचानक थांबला आणि कुठूनतरी मोजक्या इटालियन कंठांची आरोळी आली. बावीस वर्षांच्या आंज कापुओत्सोने वेल्सची बचावफळी भेदली होती आणि त्याच्या पासवर एदोआर्दो पादोवानीने ट्राय केला होता. आता वेल्स २१-२० असा जेमतेम पुढे होता. गृहस्थांनी विचारले, तेव्हा मी खरे ते सांगितले. भीतीपेक्षा अनिश्चितता रुग्णाला अधिक छळते, असे माझे मत आहे. कन्व्हर्जन, म्हणजे ट्रायनंतरची दोन गुणांची किक, होईपर्यंत थांबू या, अशी विनवणी त्यांनी केली, पण झटक्यात जाणारा प्रत्येक मिनिट हृदयाचे स्नायू घेऊन जातो, म्हणून मी थांबलो नाही. पाओलो गार्बिसीने त्या किकवर इटलीला २२-२१ असा विजय मिळवून दिल्याचे त्यांना रुग्णवाहिकेत कळले.

सामनावीर ठरलेल्या ॲडम्सने आपले पदक कापुओत्सोला देऊन टाकले, हे मी नंतर पडद्यावर पाहिले, आणि इटलीच्या जागेविषयी वाद घालणाऱ्यांना ते दृश्य दाखवावे असे मनापासून वाटले. गृहस्थांच्या हृदयाला रक्त पुरवणारी, बंद झालेली उजवी रोहिणी त्याच संध्याकाळी स्टेंट घालून उघडण्यात आली. पुढच्या हंगामापासून शेवटच्या वीस मिनिटांत वरच्या मजल्याच्या पायथ्याशी डिफिब्रिलेटरसह (विजेचा झटका देऊन हृदयाचे ठोके पूर्ववत करणाऱ्या यंत्रासह) एक पथक उभे ठेवावे, असा आग्रह मी आमच्या बैठकीत धरला आणि तो मान्य झाला.