उदोन थानीतल्या ‘पातीन’ बाई

मे २०१९ मध्ये थायलंडच्या ईशान्येकडील उदोन थानी प्रांतातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवायला मी रुजू झाले, तेव्हा माझ्याजवळ इंग्रजी विषयातील पदवी, बी.एड. आणि वडिलांनी दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून दिलेला कागदपत्रांचा गठ्ठा होता. पदवीच्या प्रमाणपत्रावर आधी राज्य शासनाचा, मग परराष्ट्र मंत्रालयाचा आणि शेवटी मुंबईतील थाई वकिलातीचा शिक्का मारून घेण्यात दोन महिने गेले होते. एवढे शिक्के बसल्यावर आता कोणाला कसली शंका येणार, असे मला वाटत होते. शंका आली ती माझ्या नावावरच.

आमच्या विद्यापीठाने प्रमाणपत्रावर आधी आडनाव, मग माझे नाव, मग वडिलांचे आणि शेवटी आईचे नाव छापले होते. पासपोर्टवर क्रम वेगळा होता आणि आईचे नाव त्या ओळीत नव्हतेच. थाई अर्जात नावासाठी एक रकाना आणि आडनावासाठी एक, असे दोनच रकाने असतात. शाळेच्या लिपिकबाईंनी प्रमाणपत्रावरचा पहिला शब्द पहिल्या रकान्यात लिहिला आणि मी कायमची ‘पाटील’ या नावाची मुलगी झाले. त्यातही थाई भाषेत शब्दाच्या शेवटी आलेल्या ‘ल’चा उच्चार ‘न’ होतो, त्यामुळे लिहिताना पाटील असलेली मी बोलताना ‘पातीन’ झाले. तिथे नावाआधी आदरार्थी ‘खुन’ लावतात. शाळेच्या ओट्यावरून पहिल्यांदा ‘खुन, खुन’ अशी हाक ऐकू आली, तेव्हा माझ्या मराठी कानाने जे ऐकले ते इथे लिहिण्याची गरज नाही.

नावातल्या या तफावतीची किंमत पुढे मोजावी लागली. ज्याच्याकडे थाई शिक्षक-परवाना नाही, त्याच्यासाठी शाळेला तिथल्या शिक्षक परिषदेकडून तात्पुरती सवलत मिळवावी लागते. ती दाखवून कामाचा परवाना मिळतो आणि तो दाखवल्यावर ९० दिवसांच्या व्हिसाची मुदत वर्षभरापर्यंत वाढवून मिळते. माझा सवलतीचा अर्जच परत आला, कारण प्रमाणपत्रावरची आणि पासपोर्टवरची व्यक्ती एकच आहे, हे कागदावर कुठेही सिद्ध होत नव्हते. शेवटी रात्रीच्या बसने बँकॉकला जाऊन भारतीय दूतावासात त्या अर्थाचे प्रतिज्ञापत्र करून आणावे लागले. त्याच फेरीत मी टोइक ही इंग्रजीची परीक्षाही दिली. जन्माने इंग्रजीभाषक नसलेल्या शिक्षकांकडून शाळेने ९९० पैकी किमान ६०० गुण मागितले होते. माझ्या शेजारी परीक्षेला बसलेली फिलिपिनो शिक्षिका पुढे माझी मैत्रीण झाली. दोन तासांत २०० प्रश्न, पहिले १०० ऐकण्याचे आणि उरलेले १०० वाचण्याचे. बोलण्याचा एकही नाही. ज्यांना दिवसभर मुलांसमोर बोलण्यासाठीच नेमायचे, त्यांची ही अशी पारख करण्यात कोणाचे काय साधते, हे मला आजवर समजलेले नाही.

वर्गात मात्र उच्चारांची परीक्षा रोज होत होती आणि तिच्यात मुलांइतकीच मीही नापास होत होते. मुले ‘स्कूल’ला ‘सकून’ म्हणत, ‘अ‍ॅपल’ला ‘अ‍ॅपन’ म्हणत आणि ‘बस’ उच्चारताना शेवटच्या ‘स’चा ‘त’ करत. हे सुधारण्यासाठी मी ओठ कसे, जीभ कुठे, असे सविस्तर दाखवत असे. ‘व्हेरी’ शिकवताना माझी फजिती झाली, कारण इंग्रजीतल्या ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’मधला फरक माझ्याही जिभेवर कधी पक्का बसलेला नव्हता, दोन्हींसाठी माझ्या तोंडून आपला एकच ‘व’ बाहेर पडे. एका मुलाच्या वहीत मला ‘५५५’ असे लिहिलेले सापडले. तो त्याचा हजेरी क्रमांक असावा, असे समजून मी तो नोंदवहीत उतरवून घेतला. थाईमध्ये पाचला ‘हा’ म्हणतात, म्हणजे त्या वहीत माझ्या शिकवण्यावर ‘हाहाहा’ असा अभिप्राय होता, हे नंतर शेजारच्या वर्गाच्या बाईंनी समजावले.

मला सर्वांत जास्त अवघडल्यासारखे झाले ते तांबड्या पेनामुळे. पाचवीच्या वर्गाच्या दारावर लावण्यासाठी मी हौसेने मुलांच्या नावांचा तक्ता केला आणि उठून दिसावीत म्हणून सगळी नावे तांबड्या रंगात लिहिली. मधल्या सुट्टीत सहशिक्षिकेने तक्ता न बोलता उतरवला, घडी घालून कपाटात ठेवला आणि निळ्या पेनाने नवीन लिहायला घेतला. बराच वेळ विचारल्यावर ती म्हणाली, “मेलेल्यांची नावे तांबड्याने लिहितात. मुलांच्या आईवडिलांनी पाहिले असते.” आपल्याकडे मास्तरांच्या हातात तांबडे पेन असणे म्हणजे त्यांच्या अधिकाराची खूण, मला ते जपून वापरावे असे सुचले तरी कसे असते? त्याच आठवड्यात कविता पाठ म्हणून दाखवणाऱ्या एका मुलीच्या डोक्यावर मी कौतुकाने हात ठेवला आणि ती मागे सरकली. तिथे डोके हा शरीराचा पवित्र भाग मानतात आणि परक्या माणसाने त्याला हात लावणे प्रशस्त समजले जात नाही.

जून महिन्यातल्या एका गुरुवारी शाळेत ‘वाय ख्रू’ म्हणजे गुरुवंदनेचा समारंभ झाला. ‘ख्रू’ म्हणजे आपला ‘गुरू’च, आणि त्यासाठी गुरुवार निवडण्यामागचे कारणही तेच. मुले गुडघ्यांवर सरकत येऊन समोर तबके ठेवू लागली. त्यांत वांग्याची फुले होती, इक्सोराची फुले होती, तांदळाच्या लाह्या होत्या आणि हिरव्यागार दूर्वा होत्या. दूर्वा दिसताच गणपतीच्या सवयीने मी हात जोडून डोळे मिटले. डोळे उघडले तेव्हा समोरची मुलगी तबक तसेच हातात धरून, बाई ते कधी घेतात याची वाट पाहत थांबली होती आणि तिच्यामागे रांग खोळंबली होती.

ऑगस्टमध्ये मुदतवाढीसाठी इमिग्रेशन कार्यालयात गेले, तेव्हा माझ्या नावाचा दोनदा पुकारा झाला आणि दोन्ही वेळा मी बसूनच राहिले, कारण मी ‘पाटील’ या हाकेची वाट पाहत होते. नंबर गेला आणि पुन्हा शेवटी बसावे लागले. अर्जावर मी साल २०१९ लिहिले होते, तेही खोडून २५६२ करावे लागले, कारण तिथला सरकारी कारभार बौद्ध शकानुसार चालतो आणि तो आपल्या इसवी सनाच्या ५४३ वर्षे पुढे आहे. वर्षाची मुदतवाढ संध्याकाळी एकदाची पासपोर्टवर उमटली.

ती मी ऑक्टोबरच्या सुट्टीत जवळजवळ गमावलीच होती. मेकाँग नदी ओलांडून लाओसची राजधानी व्हिएन्तियानला दोन दिवस जाऊन यायचे ठरले आणि बस सुटायच्या आधी फिलिपिनो मैत्रिणीने सहज विचारले, “री-एन्ट्री काढलास ना?” देशात परत येण्याचा तो परवाना नसताना देश सोडला की मुदतवाढ रद्द होते आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागते, हे मला कोणी सांगितले नव्हते, मीही विचारले नव्हते. मैत्रीण एकटीच पुढे गेली. मी सोमवारी फोटो, पासपोर्टच्या प्रती आणि एक हजार बाट घेऊन त्याच कार्यालयात गेले, अर्जावर न खोडता २५६२ लिहिले आणि बाकावर बसले. खिडकीतून आवाज आला, “खुन पातीन,” आणि मी उठले.