लाल तेल आणि तुंबलेली जाळी

तक्रार एकच होती: गाडीचं इंजिन तापलं की आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) ऑइलचं प्रेशर कमी असल्याचा दिवा लुकलुकतो. अशा वेळी बरेच जण प्रेशर स्विच बदलून मोकळे होतात. मला ते कधीच पटलं नाही. मी स्विचच्या जागी गेज लावलं. गरम इंजिनला जेमतेम 5 पीएसआय, रेस केली तरी काटा रेंगाळत चढत होता.

मग मालकांनी सांगितलं. टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) वाजत होते म्हणून 4 लिटरमधलं एक लिटर ऑइल कमी करून तेवढं एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं लाल तेल, ओतलं होतं. "ऑइल बघा किती काळं झालंय. म्हणजे आतून साफ झालं ना?"

चेंबर, म्हणजे इंजिनखालची ऑइलची टाकी, उतरवलं. तळाशी डांबरासारखा गाळ, आणि ऑइल पंप ज्यातून ऑइल ओढतो त्या जाळीवर कार्बनच्या कडक खपल्या इतक्या घट्ट बसलेल्या की उजेडाकडे धरली तर पलीकडचं दिसेना. मेन आणि बिग एंडच्या, म्हणजे क्रँकशाफ्टवरच्या, एकेक कॅप उघडून बेअरिंग पाहिली. बारीक ओरखडे होते, पण तांबं उघडं पडलेलं नव्हतं. थोडक्यात निभावलं.

एटीएफमध्ये डिटर्जंट भरपूर असतं, हा समज काही केल्या जात नाही. गिअरबॉक्समध्ये इंधन जळतच नाही, मग काजळी आणि आम्लं पेलण्याची सोय त्या तेलात कशाला असेल? ती इंजिन ऑइलमध्ये असते: कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमची डिटर्जंट आणि काजळी तरंगती ठेवणारी डिस्पर्संट. बिनडिटर्जंटच्या इंजिन ऑइलच्या जमान्यातल्या मिस्त्रींना एटीएफ उजवं वाटलं असेल, तर त्यांना मी नावं ठेवणार नाही. आज तोच सल्ला बेधडक देणाऱ्यांचा मात्र राग येतो. निस्तरायला ते येत नाहीत.

वर ते तेल पातळ. 100 अंशांना 15डब्ल्यू-40 या 40 ग्रेडच्या इंजिन ऑइलची चिकटता साधारण 14 सेंटिस्टोक्स, एटीएफची 6 ते 7.5. एक चतुर्थांश मिसळलं की मिश्रण थेट त्याहून पातळ 30 ग्रेडमध्ये उतरतं. पण तेवढ्याने प्रेशर 5 वर येत नाही. खरा घात जाळीने केला. खपल्या एटीएफने सोडवल्या, की उशिरा ऑइल बदलण्याच्या सवयीमुळे त्या सुटायच्या बेतातच होत्या? दिवा एटीएफनंतर लागला, एवढं मालकही मान्य करतात. माझा कौल पहिल्या बाजूला आहे.

चेंबर, जाळी, टॅपेट कव्हर डिझेलने धुऊन पुसून घेतलं, नवं ऑइल आणि फिल्टर टाकला. गरम आयडलिंगला 18 पीएसआय मिळालं. टॅपेट अजून थोडे वाजतात. पुढचं ऑइल 2,000 किलोमीटरवर बदलायचं आणि तेव्हा फिल्टर कापून बघायचा, असं जॉब कार्डवरच लिहून दिलंय.